चेटकीण ठरवतं कोण?

सेलम नावाचं एक गाव आहे. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये. १६९२ साली तिथल्या कोर्टानं १९ माणसांना फाशी दिलं. १४ बाया, ५ पुरुष. एका म्हाताऱ्याच्या अंगावर दगड रचत रचत त्याला चिरडून मारलं. काही जण तुरुंगातच मेले. गुन्हा काय? तर चेटूक केलं.

आमच्या अभ्यासक्रमात याला चार ओळी आहेत. 'युरोपातील अंधश्रद्धा व धर्मसुधारणा' या टिपणात. पाच मार्काला येतं. पाच मार्कांचं लिहून झालं की पुढची टीप. पण मला पुढं जाववेना. लायब्ररीतून इंग्रजी पुस्तक काढलं. मी पेण तालुक्यातली, कॉलेज रोह्याला. पेणला गाडी पकडायची; कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरायचं. मांडीवर डिक्शनरी घेऊन त्या गाडीत महिनाभर हे पुस्तक वाचत होते.

वर्गात चेटकिणींचा विषय निघाला तेव्हा पोरं हसली. झाडूवर बसून उडणारी म्हातारी, काळं मांजर, टोकदार टोपी. पुस्तक वाचताना मला हसू आलं नाही. कारण त्यात उडणारी म्हातारी कुठंच नाही. त्यात आमच्या वाडीतल्या बाया आहेत.

आकडे सांगते. १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत युरोपात चेटकाच्या आरोपाखाली ४० ते ६० हजार माणसं मारली. चारातल्या तीन बाया. त्यातल्या पुष्कळ म्हाताऱ्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या, मागून खाणाऱ्या. १४८६च्या सुमारास हाइनरिख क्रामर नावाच्या धर्मगुरूनं चेटकीण ओळखायची कशी, तिचा छळ करून कबुली घ्यायची कशी, यावर लॅटिनमध्ये जाडजूड ग्रंथच लिहिला. बायाच जास्त करून चेटूक का करतात, तर त्यांची श्रद्धा कच्ची, अक्कल कमी आणि वासना जास्त, असा त्याचा सिद्धांत. छापखाना तेव्हा नवा होता. छापखान्यानं ज्ञान पसरलं असं आपण पेपरात लिहितो. हे ज्ञानही छापखान्यानंच पसरवलं.

मित्रांनो, हा सिद्धांत आपल्या ओळखीचा आहे. बाई स्वातंत्र्याला लायक नाही हे आपल्याकडंही एका ग्रंथात लिहिलं होतं. २५ डिसेंबर १९२७ला बाबासाहेबांच्या उपस्थितीत महाडला तो ग्रंथ जाळला. महाड आमच्याच जिल्ह्यात. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, १९८१पासून रायगड. ग्रंथ जळला. ग्रंथातलं जळलं का, हा खरा प्रश्न आहे.

आता सेलमचं नीट बघू. तिथं पहिला आरोप तीन बायांवर झाला. कोण होत्या त्या?

एक सारा गुड. पोर कडेवर घेऊन दारोदार मागणारी. कुणी काही दिलं नाही की पुटपुटत जायची. त्या पुटपुटण्याचा शाप झाला.

दुसरी सारा ऑस्बर्न. आजारी, अंथरुणाला खिळलेली. पहिला नवरा मेल्यावर तिनं आपल्याच नोकराशी लग्न केलं. पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरून भांडण चालू होतं. ती जमीन पोरांना मिळायची, ती बाई सोडत नव्हती.

तिसरी टिटुबा. ती गुलाम होती. गावच्या धर्मगुरूच्या घरात राबणारी. कागदोपत्री तिला 'इंडियन' म्हटलंय, म्हणजे तिकडची आदिवासी.

एक भिकारीण, एक जमीन न सोडणारी विधवा, एक गुलाम. अख्ख्या गावात सैतानाला या तीनच बाया कशा सापडल्या? सैतानाला जात कळते, वर्ग कळतो, सातबाराही वाचता येतो!

आणि न्याय कसा? युरोपात कितीतरी ठिकाणी बाईला बांधून पाण्यात टाकायचे. तरंगली तर चेटकीण. बुडाली तर निर्दोष. दोरी वेळेत ओढली तर जिवंत निर्दोष, नाहीतर मेलेली निर्दोष. सेलमच्या कोर्टात तर आणखी पुढचा प्रकार. पोरी ओरडायच्या की हिचं भूत आम्हाला चिमटे काढतंय. भूत दिसायचं फक्त ओरडणारीला. कोर्टानं तो पुरावा धरला. जिनं 'मी चेटूक केलं' असं कबूल केलं ती फाशीतून वाचली. जिनं 'मी केलं नाही' म्हटलं ती मेली. टिटुबानं कबुली दिली. मालकानं मारून कबूल करायला लावलं असं ती पुढं म्हणाली. जीव वाचला, पण वर्षभर तुरुंगात सडली. तुरुंगाचं भाडं मालकानं भरलं नाही. दुसऱ्या कुणीतरी भरलं आणि तिला घेऊन गेला. म्हणजे सुटका झाली तीसुद्धा विक्री होऊन.

खोटं बोललं तर जगायचं, खरं बोललं तर मरायचं. हे वाचताना गाडी नागोठण्याला कधी थांबली, कधी सुटली, कळलं नाही.

१६३१ साली फ्रीडरिख श्पे नावाच्या एका जर्मन पाद्र्यानं नाव न घालता पुस्तक लिहिलं. तो शिक्षा झालेल्या बायांची शेवटची कबुली ऐकायला जायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. चेटकिणी छळातून तयार होतात. कुणालाही तेवढं छळा, ती कबूल करील आणि सुटण्यासाठी आणखी दहा नावं सांगेल. चेटकीण शोधून काढत नाहीत, ती बनवतात. श्पेचं हे एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर माझ्या शब्दांत लिहून ठेवलंय.

आता इकडं येते.

आपल्याकडं हे नव्हतं असं कुणी म्हणू नये. पेशवाईच्या कागदपत्रांत चेटूक, भूत घालणं हा सरकारदरबारी चौकशीचा आणि दंडाचा विषय होता. पुढं इंग्रज अमलात कोकणातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती लिहून घेतल्या, आणि आर. ई. एन्थोव्हेन या अधिकाऱ्यानं त्या १९१५ साली छापल्या. आपल्या भुतांकडं जरा बघा. मुंजा बामणाचा, समंध बामणाचा, खवीस मुसलमानाचा, हडळ बाळंतपणात मेलेल्या बाईची. मेल्यावरसुद्धा जात सुटत नाही. बाळंतपणात बाई मेली तर दवाखाना का नव्हता हे कुणी विचारत नाही. ती हडळ होते आणि जिवंत माणसांना त्रास देते! मारलं कुणी आणि घाबरायचं कुणाला?

आणखी एक गोष्ट वाचली ती सांगते. ती वाचून दोन रात्री झोप नव्हती. इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या चालींच्या ज्या नोंदी केल्या, त्यात चेटकिणीची शक्ती कशी घालवायची याचे उपाय आहेत. एक, तिचे पुढचे दात पाडायचे, म्हणजे मंत्र नीट म्हणता येणार नाही. दुसरा, चामडं कमावणाऱ्याच्या कुंडातलं पाणी तिला पाजायचं.

थांबा. परत वाचा. चामडं कमावणाऱ्याच्या कुंडातलं पाणी.

त्या पाण्यात असं काय होतं? चुना, बाभळीची साल, कातड्याचा वास. आणि एका जातीचा हात. तो हात लागलेलं पाणी पोटात गेलं की बाई बाटली. बाटली की तिची शक्ती गेली. म्हणजे चेटकापेक्षा विटाळ मोठा! सैतानाला जे जमत नाही ते आमच्या स्पर्शाला जमतं. शिक्षा एका बाईला आणि तिच्या तोंडातून अपमान अख्ख्या जातीचा. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच.

२० मार्च १९२७ला चवदार तळ्यावर आपली माणसं पाणी प्यायली. मग सवर्णांनी तळं शुद्ध केलं. १०८ घागरी पाणी उपसलं, शेण-गोमूत्र-दूध-दही ओतलं, मंत्र म्हटले. आता सांगा, मंत्रतंत्र करणारं कोण होतं? पाण्यावर करणी कुणी केली? मंत्र म्हणून पाण्याचा गुण बदलतो असं मानणारा पुरोहित, आणि तांदूळ टाकून माणसाचा दोष सांगणारा भगत. एकाला दक्षिणा मिळते, दुसऱ्याला कोंबडा. फरक एवढाच. आपण पुरोहित सोडला. भगत सोडला का?

इथं माझ्या घरातलं सांगायला लागेल.

माझ्या आजोबांची बहीण, आम्ही तिला आत्याआजी म्हणतो. तरुणपणी नवरा वारला. एक मुलगी घेऊन माहेरी आली. आजोबांनी तिला मागल्या अंगाची खोली दिली आणि वाडीच्या कडेचा दीड गुंठा. त्यात एक आंबा. मिठागरावर पाट्या वाहून तिनं मुलगी वाढवली, लग्न करून दिली. कुणाचं एक रुपया देणं ठेवलं नाही. तोंडानं फटकळ. वालाच्या शेंगा चोरणाऱ्या पोराला तीन पिढ्यांसकट शिव्या घालायची. आम्हाला मात्र उकडलेले वाल मुठीत द्यायची.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. चुलत्याच्या मुलाला ताप आला. उतरेना. डोळे पिवळे झाले. आधी भगत आणला. आमच्या घरात! ज्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो आणि शेजारी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या, त्याच भिंतीखाली भगत बसला. तांदूळ टाकले. डोळे मिटले. म्हणाला, लांबचं नाय, घरातलंच हाय. बाई हाय. एकटी हाय. मागल्या अंगाला ऱ्हाते.

नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजच काय?

पोरगा बरा झाला. पेणच्या दवाखान्यात. कावीळ होती. सलाईन लागलं, औषधं लागली, बारा दिवस लागले. बरं केलं डॉक्टरनं, नाव झालं भगताचं, आणि डाग राहिला आत्याआजीवर.

तिला कुणी मारलं नाही. झाडाला बांधलं नाही. गावात पोलीस आले नाहीत, पेपरात बातमी आली नाही. फक्त बारशाला तिला बोलावणं आलं नाही. ती पाणवठ्यावर आली की बाया कळशी अर्धी भरून निघायच्या. पोरांना सांगितलं, तिच्या हातचं खायचं नाय. लक्षात घ्या दोस्तांनो: तिच्या हातचं खायचं नाय. तिची सावली बाळंतिणीवर पडू द्यायची नाय. हे शब्द आपल्याला कुठून आले? आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर जे ऐकलं, तेच आपण आपल्याच एका म्हातारीला ऐकवलं. अस्पृश्यांच्या वाडीत एक अस्पृश्य तयार केली.

दोन वर्षांत ती मुलीकडं कळव्याला गेली. आता तिथंच आहे. ज्या खोलीत तिची चूल होती तिथं चुलत्याची मोटरसायकल उभी असते. दीड गुंठ्याला कुंपण झालं. आंबा दरसाल उतरवतात.

सेलमचं पुस्तक वाचून झाल्यावर एके रात्री मी आजीला विचारलं. आजी भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या आंब्यावर डोला होता त्यांचा. सगल्यांना ठावं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

आजीनं भाकरी उलटली. "बोलले असते तर पुढलं नाव माजं आलं असतं, गो."

सेलममध्ये जॉन प्रॉक्टर नावाचा एक शेतकरी होता. हे सगळं थोतांड आहे असं तो उघड म्हणाला. त्याच्यावरही चेटकाचा आरोप आला आणि १९ ऑगस्ट १६९२ला त्याला फाशी दिलं. माझी आजी शाळेत गेलेली नाही. सेलम तिला माहीत नाही. पण सेलमचा कायदा तिला तोंडपाठ होता.

मी हा विषय वाडीच्या बैठकीत काढला. विहारात. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब झाल्यावर. म्हटलं, आत्याआजीवरचा डाग वाडीनं काढावा, तिला सन्मानानं परत बोलवावं, तिची खोली तिला द्यावी. थोडा वेळ सगळे गप्प. मग एक जाणते कार्यकर्ते म्हणाले, "हे घरातलं प्रकरण आहे. आपण चव्हाट्यावर आणू नये. आधीच लोक आपल्याला नावं ठेवायला टपलेत." दुसरे म्हणाले, "आधी गावाशी लढायचं की घरात भांडायचं?" विषय संपला. चहा आला.

या मुद्द्याला मला इथं उत्तर द्यायचं आहे, कारण हा अंक वाचणारे तुम्ही उद्या अशाच बैठका चालवणार आहात.

लोक नावं ठेवतील म्हणून गप्प राहायचं, हे मला मान्य नाही. सवर्णांनी हेच केलं. धर्मातलं घाण बाहेर काढू नका, परके हसतील, असं म्हणत त्यांनी शतकं काढली. आपण त्यांना म्हणालो, घाण काढा, मग हसणारे गप्प बसतील. तोच नियम आपल्याला नको?

आणि आधी गावाशी की घरात, हा प्रश्नच खोटा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यात वणी खुर्द म्हणून गाव आहे. २१ ऑगस्ट २०२१ला तिथं भानामती करता या संशयावरून सात जणांना भरचौकात खांबाला बांधून मारलं. सगळे दलित. त्यात म्हाताऱ्या बाया. हे बातम्यांत आलं तेव्हा आपण सगळे संतापलो. निषेध केले. बरोबरच केलं. पण खांबाला बांधणारा गाव आणि तांदूळ टाकून घेणारी आमची ओसरी, दोघांच्या डोक्यात एकच बी आहे. आमच्या ओसरीवर ते मान्य केलं की चौकात त्याचा निषेध करायला तोंड राहत नाही.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य घातलं, तो त्यांच्या हयातीत झाला नाही. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला. चारच दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबर २०१३मध्ये कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्रानं जनावराचं दूध आटवतो असं सांगून त्याचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. पोलीस निरीक्षकाला दक्षता अधिकारी म्हणून जबाबदार धरता येतं.

ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चेटूक करतो असा आळ घेऊन शारीरिक इजा किंवा मानसिक त्रास देणं हा वेगळा गुन्हा घातला. २६ जानेवारी २०१६पासून तो लागू आहे. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? पण ॲट्रॉसिटीचा कायदा बाहेरच्या जातीतला माणूस आरोपी असेल तेव्हाच लागतो. आत्याआजीला तो उपयोगी नाही. तिच्यावर आळ घेणारे जयभीमवाले होते. तिच्यासाठी २०१३चा कायदा आहे, आणि त्याच्याही आधी आपण आहोत. असायला पाहिजे होतो.

शेवटची एक गोष्ट सांगते. सेलमच्या खटल्यांत एलिझाबेथ जॉन्सन नावाची एक तरुण बाई दोषी ठरली होती. फाशी टळली, पण कागदावरचा डाग राहिला. बाकीच्यांची नावं हळूहळू निर्दोष झाली, हिचं राहून गेलं. ती अविवाहित होती, मूलबाळ नव्हतं, तिच्यासाठी अर्ज करायला मागं वंशज नव्हते. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अँडोव्हर गावातल्या आठवीच्या मुलामुलींनी नागरिकशास्त्राच्या तासाला हे प्रकरण हातात घेतलं. कागद काढले, आमदारांना पत्रं लिहिली. जुलै २०२२मध्ये तिथल्या विधिमंडळानं तिला निर्दोष ठरवलं. ३२९ वर्षांनी. स्वित्झर्लंडमध्ये ॲना गोल्डी या मोलकरणीचा १७८२ साली शिरच्छेद झाला, ती २००८ साली निर्दोष ठरली. २२६ वर्षांनी.

मेलेल्या बाईचा डाग पुसायला आठवीतली पोरं पुढं आली. आत्याआजी जिवंत आहे. कळव्याला आहे. तिला गुडघेदुखी आहे, मोतीबिंदू आहे, पण अजून जिवंत आहे. आपल्याला ३२९ वर्षं थांबायची गरज नाही. पेणहून कळव्याला जायला अर्धा दिवस लागतो.

आम्ही वाडीतल्या पाच मुलींनी एक ठराव लिहिलाय. भाषा साधी आहे: 'आमच्या वाडीत चेटूक, करणी, भुताळी या नावाखाली कोणत्याही माणसाला दोष लावला जाणार नाही. कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात नेलं जाईल, त्याचा खर्च वाडी मिळून करील. ज्यांच्यावर आजवर असा आळ आला त्यांची वाडी माफी मागते आणि त्यांचं घर, त्यांची जागा त्यांना परत करते.' शेवटच्या ओळीवर घरात भांडण झालं. चुलते आठ दिवस आमच्याशी बोलत नाहीत. माफीला कुणाची ना नाही हो, जागेला आहे. दीड गुंठा आणि एक आंबा, चेटकाचं सगळं शास्त्र तेवढ्यात बसतं.

पुढच्या बैठकीत हा ठराव आम्ही मांडणार. वाचून दाखवणार. पहिली सही आजी करणार आहे. सही म्हणजे अंगठा. ती म्हणाली, "आता माजं नाव आलं तर येऊं दे."

तुमच्या वाडीतही एखादी बाई असेल. तिच्या दाराकडं बघून पोरं पळत असतील. तुम्ही शिकलेले आहात, संघटित आहात, संघर्षाच्या गोष्टी करता. मोर्चाला जायच्या आधी एकदा तिच्या दारात जा. तिच्या हातचं पाणी मागून प्या. भरदिवसा, सगळ्यांना दिसेल असं प्या. पाणी पिऊनच आपली चळवळ उभी राहिली आहे.

जयभीम.